उजव्या हाताला बसा

बागवान तांडेल आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, खुर्ची घेतली नाही, पाणीही घेतलं नाही. दारातच उभे राहिले. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून चौकटीवर दोनदा ठोकला, मान इकडून तिकडे फिरवली आणि विचारलं, "दुसरं दार कुठंय?"

"दुसरं दार नाहीये," मी म्हटलं.

"चौथा मजला, एकच दार. आणि लोकांना आगीतून वाचायला तुम्ही शिकवणार. वा!"

तांडेल हा अग्निशामक दलातला हुद्दा, फायरमनच्या वरचा. हमीद बागवान त्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते. घरच्यांचा मंडईत फळांचा गाळा, भाऊ-पुतणे सगळे तिथेच. हे एकटेच त्या घरातून आगीत शिरले. त्यांना कुणी 'सर' म्हटलं की ते मागे वळून बघायचे, कोण सर आले म्हणून. 'साहेब' म्हटलं तर म्हणायचे, "साहेब गाडीत पुढे बसतो. मी पाईप ओढलाय." म्हणून सगळ्यांचे ते तांडेल.

मी हे त्यांची आरती ओवाळायला लिहीत नाहीये. त्या माणसानं मला घाबरायला शिकवलं. आणि त्यांच्या-माझ्या एका चुकीपायी एक मुलगी धुरात राहून गेली असती. 

आमची कंपनी सहा जणांची. डोळ्यांवर हेडसेट चढवून खोट्या जगात लोकांना खरी कामं शिकवायची, हा धंदा. लोणी काळभोरच्या पुढे एक खाजगी संस्था आहे, तिथे आगीशी लढायचा कोर्स चालतो. पोरापोरींना खऱ्या धुरात सोडायच्या आधी खोट्या धुरात फिरवा, असं काम त्यांनी आम्हाला दिलं. आमचे चित्रवाले खूश झाले. पण तांडेलांनी पहिल्याच बैठकीत त्यांच्या उत्साहावर पाणी ओतलं. "ज्वाळा काढताय? छान आहेत. दिवाळी अंकावर छापा. खऱ्या धुरात स्वतःचा हात दिसत नाही. सगळं काळं करा."

सगळं काळं केलं तर उरलं काय? आवाज. आणि आवाज बसवायचं काम माझं. आवाज कुठून येतोय यावरून आपण कुठे आहोत, दार कुठे, भिंत कुठे, माणूस कुठे, हे ओळखायला शिकवायचं. सगळ्यात महत्त्वाचा आवाज शिट्टीचा. आगीत शिरणाऱ्याच्या अंगावर एक डबी असते. तो अर्धा मिनिट हलला नाही की ती आपोआप किंचाळायला लागते. शिट्टी वाजली याचा अर्थ आत कुणीतरी पडलंय. तिच्यामागे जायचं आणि त्याला ओढून आणायचं.

हेडसेटला तांडेल 'झापड' म्हणायचे. बैलाला लावतात ती. काही दिवसांनी आम्हीही झापडच म्हणायला लागलो.

त्यांच्यासोबत वावरणं म्हणजे जिवाला घोर होता. हॉटेलात गेलो तर आधी स्वयंपाकघरातून मागे वाट आहे का ते बघून येणार, मग चहा सांगणार. सिनेमाला जायचं त्यांनी तरुणपणीच सोडलं होतं. जिना उतरताना पायऱ्या मोजायचे, ओठ हलताना दिसायचे. भिंत चाचपताना हाताची मागची बाजू लावायचे, तळवा नाही. "तळव्यानं उघडी वायर धरली तर मूठ मिटते, सुटत नाही. मागच्या बाजूनं लागली तर हात झटकला जातो." हे त्यांनी आमच्या हिशेबनीस काकूंनासुद्धा करून दाखवलं होतं. काकू बिचाऱ्या पुढे आठवडाभर दिव्याचं बटण कोपरानं दाबत होत्या.

आणि बसायची जागा. खोलीत शिरलं की डावीकडची भिंत पकडायची, खुर्ची तिला खेटून लावायची, आणि आपल्याला म्हणायचं, "उजव्या हाताला बसा." चालतानाही तेच. चुकून मी डाव्या बाजूला गेले की थांबायचे आणि हातानं मला पलीकडे वळवायचे. आम्हाला वाटायचं, असेल काहीतरी आगवाल्यांचा नियम. भिंत धरून राहायचं वगैरे. मी तर ते मोठ्या कौतुकानं वहीत लिहूनही ठेवलं होतं. कमाल आहे माझी!

काम सुरू व्हायच्या आधी ते मला आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये घेऊन गेले. डोक्यावरून टॉवेल टाकला, दोन गिरक्या घ्यायला लावल्या आणि म्हणाले, "मी किल्ल्या वाजवतो. माझ्यापर्यंत या." एवढंच. भरदिवसा, ओळखीच्या जागेत, वर वॉचमनचा रेडिओ चालू. आणि पाचव्या पावलाला माझी छाती धडधडायला लागली. किल्ल्या समोर वाजल्या म्हणून गेले तर खांबावर आदळले. मागे वाजल्या म्हणून वळले तर भिंत. आवाज सगळीकडून यायला लागला. मी टॉवेल ओढून फेकला.

"भीती वाटली?"

"नाही. घाम आला म्हणून काढला."

"ज्याला भीती वाटत नाही त्याला मी आत सोडत नाही, मॅडम. तो दुसऱ्यालाही मारतो." मग जरा नरमले. "आवाज भिंतीवर आपटतो आणि फसवतो. एकदा ऐकून पाऊल टाकायचं नाही. मान फिरवायची, परत ऐकायचं. दोन्ही कानांत सारखा लागला की तोंड बरोबर त्याच्याकडे आहे. मगच पाय उचलायचा."

ही त्यांची कला लहानपणची होती. वडील मंडईत कलिंगड ठोकून विकायचे, आणि हा मुलगा गाळ्याकडे पाठ करून सांगायचा, कितव्या ढिगातलं वाजलं आणि आत लाल आहे की पांढरं. दलात त्यांच्या कानाची ख्याती होती. शिट्टी वाजली की सगळे तांडेलांच्या बोटाकडे बघायचे, असं त्यांचे जुने लोक सांगत. म्हणूनच संस्थेनं त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं: आवाज बरोबर जागी बसलाय की नाही, ते तांडेल सांगतील.

इथेच आम्ही माती खाल्ली.

आवाज बसवताना ऐकणाऱ्याची मान स्थिर लागते. मी एका चष्म्याच्या दुकानातून हनुवटी टेकवायचा स्टँड मागून आणला होता, डोळे तपासताना असतो तो. तांडेल त्याच्यासमोर बसले आणि पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर नको-नको दिसलं.

"मान बांधून कुणी ऐकतं का?"

"तपासणीची पद्धत आहे, तांडेल. दहा मिनिटं सोसा."

मी झापडात समोरून शिट्टी वाजवली. त्यांचं बोट उजवीकडे गेलं. मी आवाज थोडा डावीकडे सरकवला. बोट अजूनही उजवीकडेच. आणखी सरकवला, आणखी, आणि एकदाचं बोट समोर आलं. असं एकेक करत आम्ही सगळं खोटं घर बसवलं, आठवडाभर.

मला ते आवाज डावीकडून येताना ऐकू येत होते. अगदी स्वच्छ. मी बोलून दाखवलं तर म्हणाले, "तुम्ही एसीत बसून ऐकताय. धुरात आवाज सरकतो." आवाज माझा विषय आहे, मला ठाऊक होतं की धुरानं आवाज असा एका बाजूला सरकत नाही. तरी मी गप्प बसले. माझ्या टीममधल्या एकानं विचारलं तर मीच त्याच्यावर खेकसले, "तू गेलायस का कधी आगीत?" त्यांच्या अनुभवाचा माझ्यावर एवढा धाक होता की मी स्वतःच्या कानांना खोटं पाडलं. आणि सवय वाईट असते. दोन महिन्यांनी मलासुद्धा ते बरोबर वाटायला लागलं.

पोरंही शिकली. झापड लावून भराभर शिट्टी शोधायला लागली. सगळ्यात हुशार ऋतुजा, मांजरीची, वडील उसाच्या गाडीवर. तिला घरून कुणी या कोर्सला पाठवायला तयार नव्हतं, भांडून आली होती. झापडात तिला पडलेला माणूस सापडायला पोळी लाटण्याएवढा वेळ लागायचा. तांडेल तिच्यावर खूश होते. "ही माझ्या बोटाची पोर आहे," म्हणायचे.

मग खऱ्या धुराचा दिवस आला. संस्थेच्या आवारात एक बैठी इमारत आहे, आत ओला पेंढा पेटवून धूर करतात. दारातून आत गेलं की एक मोकळी जागा आणि पुढे तीन दारं: डावं, मधलं, उजवं. डाव्या खोलीत पोत्यांचा माणूस ठेवला होता आणि त्याच्या शेजारी माझा स्पीकर, शिट्टी वाजवणारा. त्याचं बटण माझ्या हातात. दोघींची जोडी एका दोरीला धरून जायची आणि यायची. सकाळचे दहा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन, उरलेली पोरं रांगेत हसत-खिदळत उभी.

ऋतुजाची जोडीदारीण एकटीच बाहेर आली. हातात दोरीचं मोकळं टोक. मास्क काढून रडायलाच लागली. "तिनं दोरी सोडली, सर! आवाज सापडला म्हणाली आणि गेली."

रांगेतलं हसणं थांबलं. संस्थेचे प्रशिक्षक नितीन सर मास्क चढवता चढवता माझ्यावर ओरडले, "तुमची शिट्टी बंद करा आधी!" मी बटण दाबलं. आत शांत झालं. दारातून पिवळट धूर लोळत बाहेर येत होता आणि आतून काहीही ऐकू येत नव्हतं. हाक मारली, ओ नाही. मी मनात म्हणत होते, ये बाई बाहेर, ये, ये.

मग दुसरी शिट्टी वाजायला लागली.

ती माझी नव्हती. माझ्या हातातलं बटण बंद होतं. ती ऋतुजाच्या अंगावरची होती. म्हणजे ती हलत नव्हती.

नितीन सर दारात पोचले आणि त्यांनी मागे वळून विचारलं, "तांडेल, कुठलं दार?" तिच्या पाठीवरच्या नळकांड्यात हवा किती उरली असेल, हा हिशेब सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता. एका खोलीत चुकून गेलं तर दुसरीला वेळ उरेल याची खात्री नव्हती. सगळ्यांच्या नजरा तांडेलांच्या हाताकडे. त्यांचं बोट वर आलं. उजवीकडे वळलं. आणि थरथरायला लागलं. इतकं की त्यांनी दुसऱ्या हातानं ते धरलं आणि खाली घेतलं.

"मला विचारू नका," ते म्हणाले. "माझा डावा कान गेलाय. मला सगळंच उजवीकडून ऐकू येतं. मॅडमना विचारा."

मी कधीही एवढी घाबरले नव्हते, आणि देव करो, परत न घाबरो. कारण मलाही ती शिट्टी उजवीकडूनच ऐकू येत होती! दोन महिने मी चुकीच्या आवाजांत बसले होते. माझ्या कानांवर माझाच भरवसा उरला नव्हता. 

तांडेलांनी माझा खांदा धरला. "बेटा, घाई नको. डोळे मीट. मान फिरव. दोन्ही कानांत सारखा लागेपर्यंत फिरव."

मी मान फिरवली. उजवीकडे नेली तर डाव्या कानात जास्त. परत आणली. पुन्हा नेली, पुन्हा आणली. सारखा लागला तिथे थांबले आणि डोळे उघडले. समोर मधलं दार होतं.

"मधलं," मी ओरडले. "मधल्या खोलीत आहे!"

नितीन सर आत गेले. थोड्या वेळानं शिट्टी थांबली, आणि ते तर जास्तच भयंकर होतं, कारण ती का थांबली ते कळत नव्हतं. तांडेल दाराच्या चौकटीवर किल्ल्या ठोकत राहिले, परत येणाऱ्याला वाट कळावी म्हणून. ठोकताना त्यांचे ओठ हलत होते. पायऱ्या मोजताना हलायचे तसेच, पण इथे पायऱ्या नव्हत्या.

सर तिला काखेत धरून घेऊन आले. मधल्या खोलीत बाकडी रचून ठेवलेली होती, त्यांत पाय अडकून ती पडली होती, हलताही येत नव्हतं. मास्क काढल्यावर खोकली, ओकली, मग उन्हात बसून पाणी प्यायली. घोटा सुजला होता, बाकी धड होती. मी तिच्याजवळ बसून रडत होते आणि ती माझीच समजूत घालत होती. मग म्हणाली, "पण मॅडम, मी बरोबरच गेले व्हते की. शिट्टी समोरच वाजत व्हती. झापडात असंच हाय."

 ती खोटं बोलत नव्हती. डावीकडचा आवाज समोरचा समजायचा, हे आम्हीच तिला शिकवलं होतं. आणि तीच सगळ्यात मन लावून शिकली होती.

तांडेल पाण्याच्या टँकरच्या पायरीवर बसले होते. मी गेले तर सवयीनं म्हणाले, "उजव्या हाताला बसा." आणि मग स्वतःच कसनुसं हसले.

त्यांनी सांगितलं ते असं. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना एका कापडाच्या गोदामात आग लागली. आत सिलिंडर फुटला. कानात नुसती घंटा वाजत होती, पण तशी ती नेहमीच वाजायची. त्यांचा जोडीदार धुरात पडला आणि त्याची शिट्टी सुरू झाली. तांडेलांनी ऐकलं, उजवीकडे. रांगत गेले. भिंत लागली. परत ऐकलं, परत उजवीकडे. तो डावीकडे होता. दुसऱ्या तुकडीनं त्याला काढला. जगला, पण छाती कामातून गेली, परत कामावर आला नाही. "त्या दिवशी मला कळलं कान गेलाय ते. आणि मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं ना, मग मला घ्यायला तू आलासच कशाला म्हणून."

"आणि आमच्याकडे?" मी विचारलं. मला राग आला होता, लपवत नाही. "आमच्याकडे आलात तेव्हा तरी सांगायचं होतंत."

"मान फिरवून भागत होतं माझं, बेटा. तेव्हापासून तसंच भागवलं. तुम्ही मान बांधलीत. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. पण लोक बोटाकडे बघायचे ना... ते सुटेना." मग म्हणाले, "धुराची भीती मला कधी लपवावी लागली नाही. ह्याची लपवत आलो."

"चूक एकट्या तुमची नाही," मी म्हटलं. "मला डावीकडून ऐकू येत होतं आणि मी तोंड बंद ठेवलं."

"ते तर त्याहून वाईट," तांडेल म्हणाले. पुणेकर शेवटी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या पोरांना एकत्र बसवलं आणि उभं राहून सांगितलं. कान कधी गेला, कुणाला फसवलं, आवाज कसे चुकले, सगळं. ऋतुजाचं नाव घेऊन तिची माफी मागितली. मग मला उभं केलं. मीही बोलले. त्यानंतर आम्ही सगळे आवाज पुन्हा बसवले, बारा जणांच्या कानांनी, एकाच्या नाही. पोरांना झालेली चुकीची सवय मोडायला शिकवण्याहून जास्त दिवस लागले. तांडेलांनी आणखी एक धडा करून घेतला, एका कानाचा. त्यात एक बाजू पूर्ण बंद. "नोकरीत कान जातात," ते म्हणाले, "गेल्यावर काय करायचं तेही शिकू दे. आणि पहिलं काम, सांगून टाकायचं." ऋतुजाचा घोटा बरा झाल्यावर ती परत धुरात गेली. दोरी न सोडता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मंडईत, गेल्या उन्हाळ्यात. भावाच्या गाळ्यावर उभे होते, कलिंगड उजव्या कानाला लावून ठोकत. माझ्यासाठी एक निवडलं, पिशवीत घातलं आणि रस्त्यापर्यंत सोडायला आले. मी आपली सवयीनं त्यांच्या उजव्या बाजूला. रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं आणि त्यांच्या डावीकडून एक विजेवरची स्कूटर सूं करत आली. मी दंड धरून त्यांना मागे ओढलं. स्कूटर त्यांच्या सदऱ्याला घासून गेली. पिशवी पडली, कलिंगड रस्त्यावर फुटलं, लालभडक निघालं.

त्यांचा श्वास चढला होता. रहदारीकडे बघत, मान इकडून तिकडे फिरवत ते बराच वेळ नुसते उभे राहिले. हॉर्न चहूकडून वाजत होते.

"कुठून आली गं?" त्यांनी विचारलं.

"डावीकडून."

त्यांनी मान हलवली. मग मला धरून सावकाश स्वतःच्या पुढून पलीकडे घेतलं आणि डावा हात माझ्यासमोर धरला. 

"डाव्या हाताला राहा, बेटा," ते म्हणाले. "भीती वाटते मला."